तंबाखूच्या डबीएवढा कॅमेरा

सोनाळा
१४ सप्टेंबर २००८

नसीमे,

नाई, लग्नासाठी नाई. मी कोनाचं लग्न करू व, घरात दोन बकऱ्या आन् मी. आन् या वयात फोटो काढाचा शौक लागला असं बी नाई. शौकच कराचा असता तं पानाचा केला असता, पानाले सेल तरी लागत नाई. अकीलनं तुले सांगतलं काय आन् तू समजली काय! म्या तुह्या पोराले फोनवर येवढंच विचारलं होतं, का बावा, तू फोटो स्टुडिओत काम करतं, तं तो तंबाखूच्या डबीएवढा बिनरोलचा कॅमेरा येते, तो घ्यावा का नाई? तो म्हने, "मावशी, तुमाले कशाले पायजे?" आता माह्या मागं कॉईन बॉक्सपाशी अर्धं सोनाळा कान टवकारून उभं. म्या फोन ठेवून देला. म्हनून हे पत्र. पत्राले कान नसते.

ऐक. हे गेल्यापासून वावर मीच करते, तुले माहीत हाये. माह्या दिराले, भगवंतरावाले, ते खुपते. वाईट नाई तो, पन बाईनं पेरलेलं त्याले पेरल्यावानी वाटत नाई. उन्हाळ्यात चार मानसांत बोलनं झालं. यंदाची कपाशी माह्या हातानं बिघडली तं पुढच्या सालपासून वावर तो करीन, म्या घरी बसून वाटा घ्यावा. मी बी तोंडाळ. म्हटलं हाव, कबूल.

आता रस्त्याकडच्या पऱ्हाटीले अळी लागली. बीटीची पऱ्हाटी व! तिच्या बोंडाले अळी शिवत नाई म्हनून दुकानदारानं छाती ठोकून देली होती. भगवंतराव रोज सायकल थांबवते, पाहते आन् म्हनते, "वैनी, फवारनीत काई चुकलं असंन." गोड बोलते. तेच मले सहन होत नाई. बियान्याच्या कंपनीचा मानूस आला, गाडीवरून उतरला बी नाई. म्हने, "फोटो पाठवा, मंग पाहू." गावातल्या फोटोवाल्याले म्हटलं, अळीचा फोटो काढ. तो म्हने, "काकू, अळीले हळद लागली का?"

तं अकीलले विचारून लिव्ह. वावर हातचं जाऊन राह्यलं आन् तू लग्नाच्या गोष्टी करून राह्यली.

तुही
गोजर


देऊळघाट
२० सप्टेंबर २००८

गोजरे,

रोजा धरून तुझं पत्र वाचलं, ही माही चूक. अळीच्या हळदीवर हासली आन् घसा कोरडा पडला. वर पानी पेता येत नाई. तुले याचा गुन्हा लागीन.

अकीलले वाचून दाखवलं. तो म्हने, मावशीनं येकदम नवीन घेऊ नये. काचेच्या कपाटात सारेच कॅमेरे चांगले दिसते, वावरात नेल्यावर समजते. त्याच्या स्टुडिओत कोन्या गिऱ्हाईकानं येक विकाले ठेवला हाये, चांदीच्या रंगाचा, साधाच. दाबा आन् फोटो घ्या, बाकी काई डोकं चालवा लागत नाई म्हने. तेच आयकून मले तुह्यासाठी बरं वाटलं. दिवाळीपर्यंत वापर, आवडला तं ठेव, नाई तं परत दे. बिस्किटाच्या डब्यात घालून बसच्या कंडक्टरजवळ पाठवून राह्यली. डब्यात बिस्किटं नाईत, उगाच खडखड करून पाहू नको.

अकीलचे अब्बा, म्हंजे तुहे गफ्फारभाई, सारं आयकत होते. तुले माहीत हाये, ते घरात बी इशाऱ्यानंच बोलते. आज मातर तोंड उघडलं. म्हने, "गोजरबाईचं खरं हाये. बाई बोलली का कोनी आयकत नाई, फोटो बोलला का आयकते." माह्याशी लग्न झाल्यापासून येवढं लांब वाक्य पैल्यांदाच आयकलं, ते बी तुह्या अळीपायी.

येक सांग, फवारनी खरंच बरोबर केली ना? रागवू नको. तुह्यी घाई मले शाळेपासून माहीत हाये.

नसीमा


सोनाळा
२७ सप्टेंबर २००८

नसीमे,

फवारनी बरोबर केली. आनखी येकदा विचारशीन तं तुह्या ईदले शीरखुर्मा खायाले येनार नाई. तसं बी बोलावत नाईस.

कॅमेऱ्याचं सांगते. पैल्या दिवशी तं तो खराब हाये असंच वाटलं. बटन दाबलं का कासवावानी मान बाहेर काढते, कुईकुई करते आन् मंग इच्यार करत बसते. फोटो काढू का नको काढू. तवर अळी बोंडात जाऊन बसते. अळी काई नवरी नाई, मान खाली घालून उभी राहाले. आन् त्याच्या मांगच्या काचेत उन्हात काईच दिसत नाई. डोक्यावरून पदर वढून त्याच्या आत तोंड घालून पाहा लागते. जनकाबाई रस्त्यानं जात होती, तिनं गावात सांगतलं का गोजरबाई वावरात पदर घेऊन रडत होती. सांजच्याले दोन बाया समजूत काढाले आल्या, च्या पेऊन गेल्या.

आन् सेल! त्याले का भस्म्या रोग हाये? सकाळी घातले, दुपारी मेला. दुकानदार मले म्हने, "वैनी, रेडिओ घेतला का?"

त्याच्यावर बारक्या खुना हायेत. येक डोंगर, येक पळनारा मानूस आन् येक फूल. म्या इच्यार केला, पऱ्हाटीची फुलं तं गळून गेली, आता बोंडं हायेत, तवा फुलाची खून आपल्या काय कामाची. डोंगराची लावली. आपलं सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याले, बरोबर बसते.

फोटोचं कार्ड काढून पाठवून राह्यली. अकीलले सांग चांगले निवडून काढ. लय काढले म्या.

गोजर


देऊळघाट
४ ऑक्टोबर २००८

अक्कलवाले गोजरबाई,

ईद झाली. शीरखुर्मा तुह्या नावानं म्याच पेला.

तुहे फोटो पाह्यले. अकीलनं स्टुडिओतल्या कंप्युटरवर लावले आन् मालक, नोकर, पासपोर्ट फोटो काढाले आलेले दोघं, सारे जमा झाले. कोन्या फोटोत तुहा अंगठा हाये. कोन्यात पदर. कोन्यात सारं हिरवं-हिरवं, जसं पान्यात पडून काढलं. येकच फोटो साफ आला, त्यात भगवंतरावाची पाठ हाये, सायकलीवर. तो पाठवू काय कंपनीले?

अकील डोकं धरून बसला. म्हने, "अम्मी, ते फूल फुलासाठी नसते." दाबा आन् घ्या, डोकं चालवा लागत नाई, असं तुले कोनं सांगतलं? मीच म्हटलं होतं ते, मालूम हाये. ते फूल म्हंजे जवळचं बारीक पाहाची खून. फुलपाखरू, अंगठी, अळी, सारं त्याच्यात येते. डोंगर म्हंजे दूरचं. तू अळीच्या नाकाले कॅमेरा लावून त्याले दूरचं पाह्य म्हनत होती, तो तरी काय करीन बिचारा.

फुलावर ठेव. हात बोंडाले टेकव, श्वास रोख, बटन अर्धं दाब, थांब, मंग पूर्न दाब. आन् सकाळी काढ, ऊन वर याच्या आधी, पदराचं नाटक नको. सेल भरून वापराचे येते, ते अकीलनं डब्यात टाकले हायेत, चार्जर बी हाये. तुह्या घरी लाईट असते तवा लाव.

मले सांग, कॅमेरा खराब हाये का चालवनारी? माह्या मतानं तू घेऊच नको. पन तुले वावर वाचवाचं हाये, म्हनून गप बसते.

नसीमा


सोनाळा
९ ऑक्टोबर २००८

नसीमे,

दसऱ्याचं सोनं पत्रात घालून पाठवते, चुरा झाला तं वास घे.

हासा, हासा. पासपोर्टवाले बी हासले म्हनतं. कोनाच्या बापानं फुलाची अशी खून बनवली, त्याले पऱ्हाटीत येक दिवस उभा करा. अळीचं चित्र काढलं असतं तं का हात झडला असता?

पन तुह्या पोराचं खरं निघालं. सकाळी दहिवर असताना गेली, फुलावर ठेवला, श्वास रोखला. पैल्या बोंडात असा आला फोटो का मीच दचकली. अळीच्या अंगावरचे केस दिसते व! बोंडाले पडलेलं भोक, त्याच्यातून बाहेर आलेली घान, सारं. म्या वावरातच "माय वो" म्हटलं. नुसत्या डोळ्यानं पाहून येवढा राग येत नाई.

आता मले असं वाटते, कॅमेरा बरा हाये. इच्यार करते खरा, पन आपन बी थांबलो तं काम देते. सेल बी टिकले. घ्यावा वाटते. बकऱ्याचे फोटो काढले, तेबी कार्डात हायेत, डोळे लाल आले, भुतावानी. अकीलले त्याचं काई करता येते का?

भगवंतराव आज आपट्याची पानं द्याले आला होता. पाया पडला, उठता उठता म्हने, "वैनी, यंदा मनाले लावून घेऊ नका, बियानं चांगलं होतं, पन नशीब." बियानं चांगलं होतं म्हने! पेढा देल्ला त्याले, पन असा देल्ला का त्याले समजावं.

फोटो लवकर कर. चांगल्या कागदावर.

गोजर


देऊळघाट
१६ ऑक्टोबर २००८

गोजर,

या बारीचे फोटो पाहून स्टुडिओत कोनी हासलं नाई. अळी पाहून मालकाच्या बायकोनं च्या ठेवून देला. अकील म्हनते, "मावशीचा हात लागला." फुलावर काढलेला अळीचा फोटो अमरावतीचा फोटोवाला बी असा काढनार नाई म्हने. माह्या पोराचं जरा वाढवून सांगाचं असते, तरी घे.

येक गडबड हाये. फोटोच्या कोपऱ्यात तारीख येते, ती २००५ सालची येऊन राह्यली. सेल मेले का कॅमेऱ्याची तारीख मांगं पळते, हे तुले सांगाचं राह्यलं. कंपनीवाला म्हनीन तीन सालाआधीची अळी हाये. अकीलनं ती तारीख मिटवून देली, त्याची काळजी नको.

दुसरी गोष्ट अकीलनं दाखवली. तुनं शेवटी उभं राहून सारं वावर काढलं ना, रस्त्याकडून, त्या फोटोत म्होरची झाडं किडलेली हायेत, वाळल्यावानी. पन त्याच्या मांगं जी झाडं दिसते, ती बोंडानं वाकली हायेत. अकीलनं मोठं करून पाह्यलं. पानावर पान हिरवं, बोंडाले येक डाग नाई. तो म्हने, "अम्मी, मावशीची अर्धी पऱ्हाटी तं फस्कलास हाये. मंग तेच बियानं येका जागी खराब आन् दुसऱ्या जागी चांगलं कसं काय?"

मलेबी समजलं नाई. तूच सांग. हे चांगलंच झालं ना, का अर्धी तरी वाचली? तुनं येका बी पत्रात त्याचं लिव्हलं नाई.

बकऱ्याचे डोळे काळे करून देले.

नसीमा


सोनाळा
१९ ऑक्टोबर २००८

नसीमे,

मांगची पऱ्हाटी दुसऱ्याची हाये. बांधापलीकडची.

आन् अकीलले म्या अळी पाहाले सांगतलं होतं, मांगचं पाहाले नाई. हाच दोस हाये या कॅमेऱ्यात. आपन येक दाखवाले जावं तं हा सारंच भरून घेते. जुना रोलवाला बरा होता, जरा धुरकट याचा, मानसाची लाज राखाचा. येवढ्याशा डबीले येवढं दिसाचं काई कारन नाई. घ्यावा का नाई म्या अजून ठरवलं नाई.

अकीलले म्हनावं, तो वावराचा फोटो मांगून काप. म्होरची झाडं राहू दे, मांगचं काढून टाक. आसं येते ना त्याले कंप्युटरवर? बकऱ्याचे डोळे बदलले तं हे काय अवघड. उगाच लोकं प्रश्न विचारते, आन् मले येवढं सांगत बसाले वेळ नाई. वेचनी सुरू होऊन राह्यली, मजूर भेटत नाईत.

लवकर पाठव. भगवंतराव दिवाळीच्या आधी फैसला कराचा म्हनते.

गोजर


देऊळघाट
२४ ऑक्टोबर २००८

गोजर,

कापला. पाठवला. पत्राच्या आधीच कंडक्टरजवळ देला हाये. आता फोटोत नुसती किडलेली झाडं हायेत, पाहून कोनालेबी रडू येईन.

तू येवढं आखडून काऊन लिव्हलं? दोन रेघांत बांधापलीकडची म्हने. ठीक हाये बाई, वेचनीचे दिवस हायेत. माह्याशी तोडून बोलली तं चालते, दुसरं कोनी हाये का तुले.

आता खरी खबर. अकीलनं ते फोटो घरी आनले होते. त्याच्या अब्बानं पाह्यले. आमची बी दोन येकर कपाशी हाये ना, त्याच कंपनीची. आमच्या पऱ्हाटीले काई झालं नाई, अल्लाची मेहरबानी, पन त्यायच्या मनाले लागलं. दुसऱ्या दिवशी सोताहून अकीलच्या स्टुडिओत गेले आन् अळीचा फोटो पाटीयेवढा मोठा करून आनला. दिवाळी झाल्यावर, दोन तारखेच्या रयवारी, बुलडान्यात त्याच कंपनीचा शेतकरी मेळावा हाये. मोठे सायेब येनार, मांडव, माईक, सारं. ते म्हनते, "मी उभा राहून इचारनार. सोनाळ्याच्या माह्या बहिनीले फसवलं, तिचं वावर जाऊन राह्यलं, हे सांगनार."

गोजर, हा मानूस भाजीवाल्याले "कमी कर" म्हनत नाई. त्याले आता माईक पायजे! आठ दिवसापासून गोठ्यात जाऊन म्हशीसमोर बोलून पाहून राह्यले. म्या दाराआडून आयकलं. "सायेब, हा फोटो पाहा," येवढं म्हनते, थांबते, आन् परत पैल्यापासून. मले हासू येते, मंग डोळ्यात पानी येते. कुर्ता इस्त्री करून ठेवला. गावातल्या आनखी काई लोकायले संग घेतलं. ते सारे आता म्हनून राह्यले का म्होरच्या साली हे बियानं घ्यायचंच नाई.

तुह्यापायी माहा नवरा बोलाले लागला व. तू येतं का मेळाव्याले? कॅमेरा घेऊन ये. त्यायचा बोलतानाचा फोटो पायजे मले, कोनी इश्वास ठेवनार नाई.

नसीमा


सोनाळा
३० ऑक्टोबर २००८

नसीमे,

गफ्फारभाईले रयवारी बुलडान्याले जाऊ देऊ नको. चप्पल लपव, कुर्त्यावर च्या सांडव, तुह्या पोटात दुखाले लाव, पन जाऊ देऊ नको. टपालानं हे पत्र पोचनार नाई म्हनून कंडक्टरजवळ देऊन राह्यली. त्याच्या हातानं कॅमेरा बी परत पाठवते, त्याच बिस्किटाच्या डब्यात. अकीलले सांग, कॅमेरा चांगला हाये. कोनी इचारलं तं घे म्हन, डोळे झाकून घे म्हन. मी घेत नाई.

तुनं कापलेला फोटो दिवाळीच्या दिवशी भगवंतरावाले दाखवला. त्यानं चष्मा लावला, दाराच्या उजेडात नेऊन पाह्यला. मले वाटलं हा आता खोट काढीन, म्या भांडाले तयारच बसली होती. तं म्हने, "वैनी, माहं चुकलं. बियान्यानं घात केला आन् मी तुमाले बोलत राह्यलो. वावर तुमीच करा, जोवर हातपाय चालते तोवर." आन् खरंच पाया पडला. सनाचा नाई, मनापासून. जाताना रस्त्याकडच्या त्या किडक्या झाडातलं गवत उपटून गेला. म्या फराळाचं ताट तसंच ठेवलं.

तरी म्या गप राह्यली असती. वावर राह्यलं होतं ना. मंग तुहं पत्र आलं, त्यात तो म्हशीसमोर बोलनारा मानूस. माह्यासाठी मांडवात उभा राहीन, सायेब चार प्रश्न इचारीन, गफ्फारभाईले येकाचं बी उत्तर येनार नाई, आन् सारा मांडव हासीन. ते त्या दिवसानंतर घरात इशारा बी करनार नाईत.

मांगची झाडं बांधापलीकडची नाईत. माह्याच वावरातली हायेत. बीटीची तीच हायेत, आन् त्याले येक अळी नाई.

पेरलं आन् पान्यानं दडी मारली. रस्त्याकडच्या अर्ध्या वावरात खाडे पडले, उगवलंच नाई. दुसऱ्या बॅगी आनाव्या तं भगवंतराव म्हनला असता, पाह्यलं, बाईले पेरता आलं नाई. आता बीटीच्या हर बॅगीत येक छोटी पुडी येते, साध्या सरकीची, बिनबीटीची. ती वावराच्या कडेनं लावाची असते, अळीले खायाले. इथं कोनी लावत नाई, बांधावर फेकून देते. म्या वच्छलाबाईच्या, जनकाबाईच्या, साऱ्या गल्लीच्या पुड्या गोळा केल्या आन् खाड्यात टोबल्या. फुकटात अर्धं वावर भरलं. अशी झकास उगवली ती पऱ्हाटी का म्या मनातच सोताची पाठ थोपटली. अळी आली ती त्याच झाडायवर आली. तिच्यासाठीच होती ती पुडी.

भगवंतरावाले आज दिवे लागल्यावर सांगते. वावर त्याचं होईन. गफ्फारभाईले तू सांग, मले त्यायच्यासमोर बोलता येनार नाई. म्हनावं, बियानं चांगलं हाये, लोकायले सांगा म्होरच्या साली तेच घ्या.

आन् हे मले फोटो पाहून समजलं असं मनात आनू नको. अकीलले फोन केला तवाच मले माहीत होतं का किडलेली झाडं कोन्या पुडीची हायेत. म्हनूनच तं मले कॅमेरा पायजे होता.

गोजर